खुंटीवरचा ओव्हरकोट

श्रावण अर्धा उलटला की आमच्या कोपऱ्यावर एक हातगाडी लागते. तिच्यावर पिवळ्याधमक ओल्या खारकांचे घोस रचून ठेवलेले असतात. शेजारच्या बाई नाक मुरडतात. "कसं खाता हो हे? घसा धरतो." खरंच धरतो. तरी मी दरवर्षी अर्धा किलो घेते, एक चावून बघते, तोंड आतून आक्रसून जातं, आणि उरलेल्या खारका ताटलीत घालून खिडकीपाशी ठेवते. मग त्या एकेका टोकाकडून तपकिरी व्हायला लागतात, मऊ पडतात, गोड होतात. मला त्या खायच्या नसतातच, पिकताना बघायच्या असतात. घरातले म्हणतात, हिचं काहीतरी बिनसलंय. म्हणू देत.

बहारीनमधला एक अख्खा उन्हाळा मी खारकांवर मोजला. अदलिया भागातल्या आमच्या ऑफिसच्या अंगणात खजुराचं एक झाड होतं, आणि माझं टेबल बरोबर त्याच्यासमोरच्या खिडकीत. ऑफिस म्हणजे तीन खोल्यांचा बसका व्हिला. जाहिराती आणि कारखान्यांच्या माहितीच्या फिल्म्स तिथं तयार व्हायच्या. टायपिंग, बिलं, टेलिफोन, कुणाला कुठं न्यायचं, कुणाचा व्हिसा कधी संपतो, हे सगळं माझ्याकडे. नवरा बँकेत, मुलगी मुग्धा आठ वर्षांची, इंग्रजी शाळेत. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. कुवेतची लढाई संपली होती आणि सगळ्यांनाच पुन्हा काहीतरी बांधायची, विकायची, दाखवायची घाई झाली होती.

त्या वर्षी झाडाला मोहोर आला त्या सुमारास गेझा आले. हंगेरीहून. साठीचे, उंच, गालफडं बसलेली, पांढरी दाढी आणि पायात मोज्यांवर सँडल. बरोबर तीन वस्तू: लाकडी पेटीतला स्वतःचा कॅमेरा, एक बॅग, आणि हातावर घडी घातलेला जाडजूड लोकरी ओव्हरकोट. बहारीनमध्ये ओव्हरकोट! आमच्या मालकांना, ज्यांना सगळे अरबाब म्हणत, हसू आवरेना. त्यांनी स्वतःच्या हातानं तो कोट घेऊन खुंटीवर लावला, त्यांच्या जरीकाठी झग्याशेजारी. म्हणाले, "मिस्टर गेझा, यल्ला, चला, आता इथं हिवाळा कधीही येऊ दे, आपली तयारी आहे." गेझाही हसले. पण कोट कुणी हलवला की त्यांची मान तिकडे वळायची, हे मी पहिल्याच आठवड्यात टिपलं.

पहिल्याच आठवड्यात आणखी एक झालं. एसीतून कॅमेरा बाहेर नेला आणि भिंगावर वाफ धरली. पांढरीशुभ्र. ते पुसत राहिले, ती पुन्हा धरत राहिली. माझ्या चष्म्याचं रोज हेच व्हायचं. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की आंधळी कोशिंबीर. मी त्यांना सांगितलं, पुसून उपयोग नाही, काच हवेइतकी गरम होईपर्यंत थांबायचं. "म्हणजे इथं बघण्याआधी वाट बघायची," ते म्हणाले. त्यानंतर कुठंही जायचं असलं की ते कॅमेरा आधी अंगणात आणून ठेवायचे आणि स्वतः त्याच्याशेजारी सिगारेट ओढत उभे राहायचे, पाहुण्याला सोबत करावी तसे.

त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाच्या नावापुढे 'बाची' लावतात, आपण काका लावतो तसं. हे कळल्यावर मुग्धानं त्यांना लगेच गेझाबाची करून टाकलं, आणि मग आम्हीही. शाळेची बस तिला दुपारी ऑफिसपाशी सोडायची. एकदा तिनं सरळ विचारलं, "गेझाबाची, आर यू फेमस?" त्यांनी जरा विचार केला. म्हणाले, "येस. इन वन व्हिलेज."

त्यांचा एकही चित्रपट मी पाहिलेला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मी कलेवर भाष्य वगैरे करतेय असं कुणाला वाटायला नको. मी त्यांचे चित्रपट ऐकलेत. जेवणानंतरच्या दुपारी, एसी घरघरत असताना, ते मोडक्या इंग्रजीत खोलीभर फिरून सांगायचे. पहिल्यात एक विधवा गाय विकायला बाजाराला निघते आणि गाय घेऊनच परत येते. दुसऱ्यात एक नावाडी असतो आणि त्याच्या नदीवर पूल होतो. तिसऱ्यात एका लग्नाला नवरा मुलगाच वेळेवर येत नाही आणि सगळं वऱ्हाड अक्रोडाच्या झाडाखाली दिवसभर बसून राहतं. "आणि मग?" मी विचारायची. "मग काही नाही. संध्याकाळ होते." मी मनात म्हणायची, बाई गं, ह्यांना तिकिटं काढून कोण येत असेल! पण आज तिन्ही चित्रपट मला शेवटपर्यंत आठवतात. त्या काळात व्हिडिओ लायब्ररीतून आणून पाहिलेल्या ढीगभर कॅसेटींपैकी एकही आठवत नाही.

पहिल्या चित्रपटाला इटलीत कुठंतरी बक्षीस मिळालं होतं. दुसरा त्यांच्या देशाच्या सरकारनं कपाटात ठेवला, कारण नावाड्याकडे बघून पुलाचा राग येतो म्हणे. तिसरा थोड्या लोकांनी पाहिला. मग सरकारच बदललं. "जुनं सरकार पैसे द्यायचं आणि चित्रपट कपाटात ठेवायचं," ते सांगायचे. "नव्यानं कपाट उघडलं आणि पैसे बंद केले." सांगताना हसायचे, पण त्यात गंमत कमीच असायची. स्टुडिओ बंद पडला, माणसं पांगली. चौथा चित्रपट जवळजवळ पुरा झाला होता. एकच दृश्य उरलं होतं.

ते दृश्य यानोशबाचींचं होतं. यानोशबाची नट नव्हते, गेझांच्या आजोळचे शेतकरी होते. पण तिन्ही चित्रपटांचा शेवट त्यांच्यावर व्हायचा. ते कॅमेऱ्याकडे पाठ करून चालत जातात, चालत जातात, ठिपक्याएवढे होतात, बस. डब्यातली फिल्म साधारण दहा मिनिटं चालते, ती संपेपर्यंत. मधे तोडायचं नाही. पहिल्या चित्रपटात त्यांची पाठ ताठ होती, दुसऱ्यात एक खांदा उतरला, तिसऱ्यात हातात काठी आली. चौथ्याच्या शेवटी ते बर्फातून घराकडे जाणार होते. त्यासाठी बर्फ हवा होता, तो ओव्हरकोट हवा होता आणि यानोशबाची हवे होते. कोट स्टुडिओच्या भांडारात हरवेल म्हणून गेझा तो स्वतःबरोबर घेऊन फिरत होते. यानोशबाचींनी ऐंशी ओलांडली होती. बहारीनचं काम वसंतात उरकायचं, त्या कमाईतून फिल्म घ्यायची आणि पहिल्या बर्फाला गावात हजर व्हायचं, एवढा साधा बेत होता. एक डबा फिल्म तर त्यांनी कामाच्या मागणीत आधीच घेऊन ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवली होती, माझ्या दह्याच्या भांड्यामागे. अरबाबना सांगून, चोरून नव्हे.

काम होतं एका अॅल्युमिनियम कारखान्याचं. अस्करला मोठी भट्टी आहे, तिच्या आसपास जे लहानसहान कारखाने उगवले होते त्यांतला तो एक. तिथं गेझांना इस्माईलभाई सापडले. रत्नागिरीकडचे, दाभोळच्या खाडीकाठचे, पन्नाशीचे. वितळलेल्या रसावरची मळी लांब सळईनं ओढून काढायचं त्यांचं काम. गेझा दोन दिवस नुसते बघत उभे होते. मी भाषांतराला बरोबर होते, माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या माणसाचे खांदे यानोशबाचींचे आहेत." मी इस्माईलभाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी स्वतःचे खांदे झटकले. "असतील, वहिनी. पन माझे माज्याकडेच राहू देत म्हनावं, अजून कामाचे आहेत."

गेझांनी त्यांची पाळी सुटल्यानंतरची चाल टिपली. भट्टीपासून लांबलचक शेडमधून दारापर्यंत, दाराबाहेरच्या नळावर तोंड धुणं, बसच्या पायरीवर चढणं. एकच सलग दृश्य. ते पडद्यावर बघताना पहिल्यांदा मला जांभई आली हे खरं आहे. मग हळूहळू जांभई कुठं गेली कळलं नाही. नळाखाली धरलेले ते हात, आणि पाणी गरम आहे म्हणून मागे घेतलेले. उन्हाळ्यात तिथं नळाला उकळतंच पाणी येतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी पाहिलं नव्हतं.

कारखान्याच्या साहेबांनीही पाहिलं. फार सभ्यपणे म्हणाले, "छान आहे. पण आमची नवी यंत्रं कुठं आहेत? म्युझिक कुठं आहे? आणि हा माणूस थकलेला का दिसतो?" गेझा म्हणाले, "कारण तो थकलेला आहे."

झालं. काम पसंत पडेपर्यंत करार पुरा नाही, आणि करार पुरा होईपर्यंत पासपोर्ट तिजोरीत. त्या काळी तिकडे पासपोर्ट मालकाकडे ठेवायची रीतच होती, त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही. माझाही त्याच तिजोरीत होता. अरबाब वाईट माणूस नव्हता, ही सगळ्यात मोठी पंचाईत. वाईट असता तर निदान त्याला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. "मिस्टर गेझा, त्यांना हवं तसं करून द्या, मी स्वतः तुम्हाला विमानात बसवतो." गेझा मान हलवायचे आणि काही करायचे नाहीत. त्यांना वाटत होतं, साहेबांनी पुन्हा एकदा पाहिलं तर त्यांना दिसेल. माणसाला त्याच्या कामाबद्दल असं वाटतं तेव्हा त्याला काय सांगणार?

झाडावरच्या खारका हिरव्या, बोराएवढ्या होत्या तेव्हा हे चाललं होतं. त्या पिवळ्या पडायला लागल्या तोवर अरबाबांच्या बायकोचं ऑपरेशन निघालं आणि ते लंडनला गेले. तिजोरीची किल्ली त्यांच्या खिशात. लंडनला फोन लावला की ते कळवळून म्हणायचे, "सिस्टर, मी आल्या आल्या. इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात." मी फोन ठेवून गेझांकडे वळून तेच म्हणायची: इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात. तो शब्द देवाचा आहे, आशेचा आहे, पण त्या उन्हाळ्यात माझ्या तोंडून तो निघाला की गेझा नुसते हसायचे, आणि मला स्वतःचीच शरम वाटायची. त्यांच्या देशाची वकिलात जवळपास नव्हती. माझ्या नवऱ्यानं बँकेतल्या दोन-तीन वजनदार माणसांना विचारून पाहिलं. सगळ्यांनी हळहळून मान हलवली. सगळे चांगलेच होते.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी मी मुद्दाम ऑफिस उघडायची, कारण शुक्रवारी ते गावाला फोन करायचे. गावात एकच फोन, पोस्टात. पोस्टातली बाई आधीपासून यानोशबाचींना आणून बसवायची. सुरुवातीला म्हातारबुवा इतक्या मोठ्यानं ओरडायचे की मला माझ्या टेबलापाशी ऐकू यायचं. गेझा भाषांतर करून सांगायचे: "विचारतात, तिकडे बर्फ पडला का?" पुढे आवाज बारीक झाला. त्यानंतर एका शुक्रवारी गेझा बराच वेळ नुसते ऐकत राहिले. पलीकडे पोस्टातली बाईच बोलत होती. यानोशबाचींना आता घरातून पोस्टापर्यंत येववत नव्हतं. त्या घरापासून पोस्ट किती लांब, मी विचारलं. रस्त्याच्या पलीकडे, ते म्हणाले.

त्याच दुपारी गेझांनी हार मानली. हातात पांढरे मोजे घातले, एडिटिंगच्या टेबलाशी बसले आणि इस्माईलभाईंची ती चाल स्वतःच्या हातानं कापायला लागले. तीन पावलं, मग यंत्र. दोन पावलं, मग साहेबांचं हसू. नळ काढून टाकला. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी मान वर केली नाही. खुंट्यांवर फिल्मचे तुकडे लटकत होते आणि एसीच्या वाऱ्यानं हलत होते. मला म्हणावंसं वाटलं, नका हो करू. पण यानोशबाचींना रस्ता ओलांडता येत नव्हता. मग कुठल्या तोंडानं म्हणणार? मी कप ठेवला आणि बाहेर आले.

काम एका बैठकीत पसंत झालं. टाळ्यासुद्धा वाजल्या. पण किल्ली अजून लंडनलाच होती.

आता कधी कधी मुग्धा परदेशातून फोनवर तिच्या घराबाहेरचा बर्फ दाखवते. फोन हातात धरून चालत राहते, बोलत राहते, दहा-दहा मिनिटं, सलग. कापाकापी नाही. मी तिला म्हणते, गेझाबाची असते तर तुला बक्षीस दिलं असतं. ती म्हणते, "आई, जस्ट सर्च हिज नेम ना! सगळं असतं इंटरनेटवर." मी हो म्हणते आणि शोधत नाही. शोधलं आणि तीनच चित्रपट निघाले तर? न शोधता चौथा कुठंतरी आहे असं मला धरून चालता येतं. ही पळवाट आहे, मला कळतं.

अरबाब परतले तेव्हा झाडावरच्या खारका अर्ध्या मऊ, अर्ध्या पिवळ्या झाल्या होत्या. तिकडे त्याला रुतब म्हणतात, आणि त्या दिवसांत घरोघरी ताटल्या फिरतात. विमानतळावरून ते थेट ऑफिसला आले. तिजोरी उघडली, पासपोर्ट काढून दोन्ही हातांनी गेझांना दिला, त्यांना मिठी मारली, खांद्याचं चुंबन घेतलं, आणि रुतबचा एक मोठा डबा पुढे केला. गेझांनी एक तोंडात टाकली. त्या दिवशी आम्ही सगळे वेड्यासारखे हसत होतो. मी तिकिटासाठी फोन फिरवायला घेतला. मुग्धानं तर कोट खुंटीवरून काढून झटकूनही ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टातल्या बाईचा फोन आला. तो मीच उचलला. तिची भाषा मला येत नव्हती आणि तिला माझी. तिनं नुसतं नाव घेतलं, "यानोशबाची," आणि गप्प झाली. मला सगळं कळलं. मी गेझांच्या हातात रिसीव्हर दिला आणि तिथंच उभी राहिले, कारण हलावं तरी कुठं हे कळेना.

फोन संपल्यावर त्यांनी ओव्हरकोट अंगात घातला. एसी पूर्ण जोरात लावला आणि खुर्चीत बसून राहिले, दुपारपर्यंत. त्यांच्या भाषेतला मला एकच शब्द येत होता, बाची, आणि नेमका तो उच्चारायची माझी छाती होईना. अरबाब दारापर्यंत आले, आत बघितलं आणि परत गेले. माझ्या आयुष्यात मी इतकी बिनकामाची कधीच झाले नव्हते. ज्या पासपोर्टसाठी सगळा उन्हाळा जीव टांगणीला लागला होता, तो टेबलावर रुतबच्या डब्याशेजारी पडला होता, आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं.

तिकीट लांबलं. जायची घाईच उरली नव्हती. एक दिवस कारखान्याची उसनी आणलेली हेल्मेटं परत करायला आम्ही दोघं अस्करला गेलो. परतताना मी ड्रायव्हरला जरा दक्षिणेकडून घ्यायला सांगितलं, त्यांना तेवढाच समुद्र दिसावा म्हणून. तिथं किनाऱ्यालगत सपाट पडीक जमीन आहे. भरतीचं पाणी आत शिरतं, उन्हानं आटतं आणि वर मिठाचा थर राहतो. जवळून बघितला तर मळकट. गेझांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरले, दोन पावलं टाकली. मीठ पायाखाली करकरलं. ते वाकून ऐकल्यासारखे थांबले, आणखी एक पाऊल टाकलं. मग माझ्याकडे वळले. "माझी फिल्म काळीपांढरी आहे," एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी आम्ही तिथं गेलो. नवऱ्यानं गाडी आणली, मुग्धा हट्टानं आली, आणि इस्माईलभाई रात्रपाळी उरकून कारखान्याच्या बसमधून उतरले. सकाळ होती, पण हवा ओल्या घोंगडीसारखी अंगाला चिकटत होती. गेझांनी कॅमेरा आधीच उतरवून ठेवला होता. वाफ धरली, विरली, काच स्वच्छ झाली. फ्रिजमधला तो एकुलता डबा कॅमेऱ्यात चढला. दुसरा नव्हताच. मग त्यांनी स्वतः इस्माईलभाईंना ओव्हरकोट घातला, कॉलर वर केली, काठी हातात दिली.

"वहिनी," इस्माईलभाई घामानं निथळत म्हणाले, "ह्यात मी इथंच मेलो तर डाक्टर काय लिवतील? थंडीनं गेला?"

मी त्यांना गेझांचं म्हणणं समजावून सांगितलं. हा कोट एका म्हाताऱ्या माणसाचा. तो आता नाही. तुम्ही त्याच्याऐवजी चालायचं, सावकाश, समुद्राच्या दिशेनं, काठी टेकत. थांबायचं नाही आणि मागे वळून बघायचं नाही. पुरे झालं की आमचे हे गाडीचा हॉर्न वाजवतील. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "देवाघरी गेला काय तो?" विचारलं. हो, म्हटलं. त्यांनी कोटाच्या बाहीवरून एकदा हात फिरवला आणि चालायला लागले.

मी खोटं सांगणार नाही, मला बर्फच दिसला. पांढरं सपाट रान, काळा कोट, एका बाजूला झुकलेला खांदा. मुग्धानं माझा हात घट्ट धरला होता. कॅमेरा बारीक कुरकुरत होता. गेझा डोळा लावून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते, बहुतेक नाव घेत असावेत. इस्माईलभाई लहान होत गेले. बाहुलीएवढे झाले, मग बोटाएवढे. आता होईल, आता पुरं होईल, असं मला वाटलं. एवढ्या उन्हाळ्यात एक तरी गोष्ट ह्या माणसाच्या मनासारखी होईल.

आणि इस्माईलभाई थांबले. वळले. आमच्याकडे तोंड करून त्यांनी हात वर केला, जरासा हलवला, आणि पुन्हा पाठ फिरवून चालायला लागले.

नवरा म्हणाला, "अरे देवा." गेझांनी कॅमेरा थांबवला नाही. डोळाही काढला नाही. फिल्म डब्यात फडफडून संपली तेव्हा ते सरळ उभे राहिले आणि शांतपणे हॉर्नची खूण केली.

इस्माईलभाई परत आले तेव्हा माझा चेहरा बघून त्यांना उमगलं. "काय चुकला काय, वहिनी?" मी म्हटलं, "इस्माईलभाई, वळायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?" ते बावरले. कोट काढता काढता थांबले. "मी काय मुद्दाम नाय वळलो. तुम्ही सांगितलात ना, हा मेलेल्या मानसाचा कोट. म्हंजे तो कायमचा निघाला. आमच्यात कोन 'जातो' म्हनत नाय. वळून बघायचा, 'येतो' म्हनायचा, मग पुढं जायचा. मी गावातून निघालो तवा वळनावर थांबून बघितलेला. अम्मा फाटकात उभी होती. तिला तेवढाच पुरला वर्षभर." मग हळूच म्हणाले, "त्याला तसाच कसा पाठवायचा, वहिनी? बघितल्याबिगर?"

गेझा विचारत होते, काय म्हणतोय? मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. आमच्याकडे सगळेच असं करतात, हेही सांगितलं. घरातून निघताना मीसुद्धा 'येते' म्हणते, भाजी आणायला निघाले तरी. मला वाटलं, ते आता चिडतील. मला वाटलं, चिडावं त्यांनी, निदान एकदा तरी. ते मिठावर खाली बसले. इस्माईलभाईंनाही त्यांनी शेजारी बसवलं, आणि कोट दोघांच्या मधे ठेवला.

"तिन्ही चित्रपटांच्या वेळी," ते म्हणाले, "यानोशबाची मला विचारायचे, गेझा, शेवटी एकदा वळून बघू का? मी म्हणायचो, नाही. कॅमेऱ्याकडे कुणी बघत नाही. ते म्हणायचे, अरे, कॅमेऱ्याकडे नाही. तुझ्याकडे."

मी हे इस्माईलभाईंना मराठीत सांगायला वळले. सांगायची गरजच पडली नाही. त्यांनी गेझांच्या पाठीवर हात ठेवला होता.

तो तुकडा त्यांनी वापरला का, चित्रपट पुरा झाला का, की हंगेरीतल्या त्या यानोशबाचींना शेवटी दाभोळचा चेहरा मिळाला म्हणून सगळंच बासनात गेलं, मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते गेले. झाडावरच्या उरल्यासुरल्या खारका तोवर सुरकुतून काळ्या झाल्या होत्या.

विमानतळावर मी आणि मुग्धा गेलो होतो. सकाळच होती, आणि हवा तशीच ओली. दारातून आत फक्त प्रवाशांना सोडत होते. गेझाबाचींनी मुग्धाच्या डोक्यावर हात ठेवला, माझा हात दोन्ही हातांत धरला. एका हातावर ओव्हरकोट, दुसऱ्या काखेत फिल्मचा डबा. ते आत गेले. आत एसी आणि बाहेर ती हवा. मधल्या उंच काचेवर बाहेरच्या बाजूनं वाफ धरली होती. मी ओढणीनं काच पुसली. ते लांबच्या टोकाला पोचलेले दिसले, पाठमोरे, एक खांदा उतरलेला. तिथून पुढे वळण होतं. काच पुन्हा पांढरी झाली. मी पुन्हा पुसली, दोन्ही हातांनी, जिवाच्या आकांतानं, आणि वळणावर कुणीच नव्हतं. मुग्धा खालून विचारत होती, "डिड ही लुक, आई? डिड ही लुक?"

मी तिला हो म्हणाले. खिडकीतल्या ताटलीत खारका पिकत असताना मी अजून स्वतःला तेच सांगत असते. पण ते वळले असतील, तर त्यांना तरी मी कुठं दिसले असेन? त्यांना काचेवरची वाफच दिसली असेल.